कोनाडा सोडून

मी सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंतीला कान लावून उभे होते. नौपाड्यात फरसाणाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक कपाट. मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते आणि हे गृहस्थ हातात रुपयाचं नाणं घेऊन भिंतीवर टकटक करत होते. मी दोनदा "आत येऊ का?" विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "पलीकडे कोण बसतं?"

मी म्हटलं, मला कसं माहीत असणार, मी आत्ताच जिना चढून आलेय. त्यावर ते म्हणाले, मग जाऊन बघून या. आता मुलाखत देणाऱ्या माणसाचा नाइलाज असतो. मी गेले. पलीकडे शिवणाचा क्लास होता आणि भिंतीकडे पाठ करून एक आजी ब्लाउजची काजं करत बसल्या होत्या. परत येऊन तसं सांगितलं. आजी भिंतीपासून किती अंतरावर, असा पुढचा प्रश्न आला. मी अंदाजाने अर्धा फूट म्हटलं. सरांनी खिशातून टेप काढून माझ्या हातात दिली आणि मी पुन्हा गेले. आजींनी काही न विचारता टेपचं एक टोक धरलं. यावरून मला कळलं की हे पहिल्यांदा होत नाहीये. साडेसात इंच निघालं. "अर्धा फूट म्हणजे सहा. दीड इंच कुठे गेला?" असं म्हणून सरांनी मला सोमवारपासून यायला सांगितलं. माझी बी.एस्सी.ची मार्कशीट त्यांनी तेव्हा पाहिली नाही आणि पुढच्या सात वर्षांतही पाहिली नाही.

आमचं काम सांगायला गेलं तर सोपं होतं. हॉस्पिटलात एक्स-रेची, सीटी स्कॅनची मशीनं असतात. त्यांतून निघणारा किरण दिसत नाही, त्याला वास नाही, आवाज नाही. म्हणून खोलीच्या भिंती जाड ठेवतात, दाराला शिशाचा पत्रा लावतात, आतल्या माणसांना शिशाचे एप्रन देतात. एवढं करूनही कुठून बाहेर झिरपतंय का, हे आम्ही जाऊन मोजायचं आणि रिपोर्ट द्यायचा. रिपोर्टाशिवाय मशीन चालवता येत नाही, त्यामुळे सगळे डॉक्टर आम्हाला चहा पाजायचे आणि आम्ही कधी जातो याची वाट बघायचे.

सर आधी एका मोठ्या इस्पितळात हेच काम करत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं ऑफिस काढलं. ठाण्यापासून शहाडपर्यंत त्यांना सगळे ओळखत. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, पायांत बारा महिने तेच काळे लेसवाले बूट. किरण मोजायचा मीटर म्हणजे मूठ असलेली एक पेटी. ही पेटी ते लाल लोकरीच्या माकडटोपीत घालून न्यायचे. ती टोपी त्यांच्या बायकोने त्यांच्यासाठी विणली होती. काकूंनी एकदा मला सांगितलं की लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मी यांच्यासाठी एवढी एकच वस्तू विणली आणि ती यांनी त्या डबड्याला घातली.

दुसरा आमच्या बरोबर असायचा तो पेशंट. पेशंट म्हणजे वीस लिटरचा पांढरा प्लास्टिकचा कॅन. माणसाच्या अंगात बहुतेक पाणीच असतं, तेव्हा मशीनसमोर माणसाऐवजी पाणी भरलेला कॅन ठेवायचा आणि किरण त्यावर आपटून आजूबाजूला किती उडतो ते मोजायचं. हे सगळेच करतात. पण सर त्याला पेशंटच म्हणायचे आणि पेशंटसारखंच वागवायचे. रिक्षात मी त्याच्यावर कोपर टेकलं तर त्यांना चालायचं नाही. एकदा शीळफाट्याला आम्ही पाऊण तास अडकलो होतो. सरांनी वेळ घालवायला मीटर टोपीतून काढला, चालू केला आणि हवेतलं नेहमीचं रेडिएशन किती आहे ते मोठ्याने वाचून दाखवलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "काका, ट्रॅफिक कधी सुटणार ते पण दाखवतो काय तो?" सरांनी गंभीरपणे नाही म्हणून सांगितलं. मग थोड्या वेळाने मला हळूच म्हणाले की कल्पना वाईट नाही.

कुठल्याही प्रश्नाला ते आकड्यातच उत्तर द्यायचे. तब्येत कशी आहे विचारलं तर, "एकशे अठ्ठावीस बाय ब्याऐंशी, सकाळी सातला." काकूंनी आमटी कशी झालीय विचारलं तर, "मीठ दहापैकी सात." चांगलं, बरं, ठीक, असे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. आणि सेफ या शब्दावर तर त्यांचा विशेष राग होता. डॉक्टर विचारायचे, सर, एका शब्दात सांगा ना, सेफ आहे ना? सर म्हणायचे, "सेफ हा आकडा नाही," आणि कागद पुढे सरकवायचे.

त्याहून जास्त राग एका वाक्यावर. काही होत नाही. हे वाक्य आपल्याकडे किती वेळा बोललं जातं ते सरांबरोबर फिरेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. दार जरा उघडं राहिलं तर? काही होत नाही. एप्रन न घालता आत गेलात? काही होत नाही. सरांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. कुणीही, कुठेही हे वाक्य म्हटलं की ते डायरी काढून त्या दिवसाच्या पानावर एक उभी रेघ मारायचे. डॉक्टर, नर्स, वॉर्डातली मावशी, मी, कुणाला सूट नव्हती. एकदा साखरपुड्याच्या जेवणात वाढपी म्हणाला, घ्या हो काका, एका जिलेबीने काही होत नाही, तर पंगतीत डायरी निघाली. कल्याणच्या एका हॉस्पिटलात एकाच दिवसात अकरा रेघा झाल्या होत्या. तो विक्रम होता आणि ते हॉस्पिटल होतंही तसंच. तिथे शिशाचे चार एप्रन कागदावर होते, खुंटीवर तीनच होते. चौथा शोधायला सरांनी दोन तास लावले. शेवटी तो गच्चीवर सापडला. जनरेटरवरची ताडपत्री वाऱ्याने उडू नये म्हणून वॉचमनने तो वर वजन म्हणून ठेवला होता. वॉचमन म्हणाला, साहेब, हा एकदम भारी आहे, दोन पावसाळे हलला नाही. सरांनी तो एप्रन दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि तीन मजले खाली आणला. लिफ्टमधल्या लोकांनी बाजूला होऊन जागा दिली.

पण या सगळ्या विक्षिप्तपणाच्या मुळाशी एक गोष्ट होती, ती मला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळली. कुठल्याही हॉस्पिटलात गेलो की सर आधी मशीनकडे जायचे नाहीत. आधी खोलीला बाहेरून फेरी मारायचे, नाण्याने भिंती वाजवायचे आणि प्रत्येक भिंतीपलीकडे कोण बसतं ते बघायचे. मग तिथे जाऊन स्वतः बसायचे. हिशेबनिसाच्या खुर्चीत, औषधांच्या दुकानातल्या स्टुलावर, एकदा तर शेजारच्या फ्लॅटमध्ये चक्क कुणाच्या तरी पलंगावर. मी एकदा विचारलं, याची गरज काय? ते म्हणाले, "अगं, मशीनपुढच्या माणसाला बॅज असतो. त्याला किती लागलं ते कुणीतरी मोजतं. भिंतीमागच्याला बॅज नसतो. त्याच्यासाठी आपण असतो."

हे ते एकदाच बोलले. पण मला ते इतकं पटलं की त्यानंतर त्यांचं नाणं, टोपी, पेशंट, काहीच मला वेडेपणाचं वाटेना. लोक हसायचे तेव्हा मला राग यायचा.

आता डोंबिवलीचं सांगते. पूर्वेला एक वीस खाटांचं हॉस्पिटल होतं, दोन मजली. डॉक्टर चाळिशीचे, सतत फोनवर. खरी सत्ता त्यांच्या आईची. आई सकाळी दहाला येऊन रिसेप्शनसमोरच्या बाकावर बसायच्या आणि जेवायच्या वेळेला उठायच्या. आल्या-गेल्यावर त्यांची नजर असायची. रिसेप्शनच्या मागच्या भिंतीत त्यांनी हौसेने गणपती बसवला होता. संगमरवराची चौकट, आत आरशाचे तुकडे, दोन्ही बाजूंना छोटे दिवे. बघणाऱ्याला वाटावं की तयार देव्हारा आणून भिंतीवर ठोकलाय. त्या भिंतीपलीकडे एक्स-रेची खोली होती. छातीचा एक्स-रे काढताना पेशंट ज्या स्टँडला छाती लावून उभा राहतो, तो स्टँड बरोबर याच भिंतीला होता, म्हणजे मशीनचं तोंड तिकडेच.

आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा नेहमीप्रमाणे सगळं झालं. आत टेक्निशियन बटण दाबत होता, बाहेर सर मीटर धरून भिंतीवरून हातहात पुढे सरकत होते आणि मी आकडे लिहीत होते. देव्हाऱ्यापाशी आलो. सर थांबले. पायांत बूट होते. समोर आई. आमच्या घरी देव्हारा नाही, शोकेसमध्ये बुद्धाची लहानशी मूर्ती आहे आणि तिच्या आजूबाजूला आम्ही सर्रास केर काढतो, पुसतो. त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. मी म्हटलं, सर, इथलंही घेऊ या ना, आणि मीटरसाठी हात पुढे केला. आईंच्या कपाळावर आठी पडली. सर म्हणाले, "राहू दे. देव आहे." त्यांनी डावीकडे घेतलं, उजवीकडे घेतलं, वरच्या बाजूला घेतलं. सगळीकडे हवेत असतं तेवढंच. नाणं त्यांनी तिथे वाजवलं नाही. आम्ही चहा प्यायलो आणि निघालो.

याला वर्ष होत आलं असेल. एक दिवस त्या हॉस्पिटलच्या टेक्निशियनचा मला फोन आला. कपाळाला रोज गंध लावणारा, देवभोळा मुलगा. रडकुंडीला आलेला. झालं होतं असं की, जे लोक मशीनजवळ काम करतात त्यांच्या छातीवर एक बॅज असतो. दर तीन महिन्यांनी ते बॅज तपासायला जातात आणि कुणाला किती रेडिएशन लागलं त्याचा आकडा येतो. त्यांच्याबरोबर एक जादा बॅज असतो, तो कुणी लावायचा नसतो. जिथे किरण पोचणारच नाही अशा जागी तो नुसता ठेवायचा आणि बाकीच्यांची त्याच्याशी तुलना करायची. या वेळी उलटंच झालं होतं. टेक्निशियनच्या बॅजवर जवळजवळ काही नाही आणि न लावलेल्या बॅजवर भलामोठा आकडा. तपासणाऱ्यांनी हॉस्पिटलला खुलासा मागितला होता. डॉक्टरांचं म्हणणं, याने आळशीपणाने बॅज मशीनवरच टाकून ठेवला असणार, याला आता काढूनच टाकतो.

"ताई, आईची शप्पथ," तो म्हणाला, "मी तो बॅज कधीच आत नेलेला नाय. या खेपेला सगळ्यात सेफ जागा म्हणून बाप्पाच्या मागे ठेवलेला. तिथे कोण हात लावणार?"

मला हसू फुटलं. मी फोन बाजूला धरून सरांना सांगितलं, सर, ऐका, डोंबिवलीत गणपतीला डोस लागलाय. मला वाटलं होतं ते आकडा विचारतील. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं, मीटर टोपीत घातला आणि जिना उतरायला लागले. पेशंट विसरले होते. तो मी घेऊन मागे पळाले.

रिक्षात ते एकदाच बोलले. म्हणाले, "त्या देवाखाली एक मुलगी बसते."

ती रिसेप्शनिस्ट. शहाडहून यायची. बोलकी, हसरी, पेशंटच्या म्हाताऱ्या नातेवाइकांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी देणारी. उंच काउंटर, म्हणून तिला उंच स्टूल दिलं होतं आणि ते स्टूल देव्हाऱ्याला पाठ करून असायचं. आम्ही पोचलो तेव्हा ती आम्हाला बघून उठली आणि उठतानाच मला कळलं. पाचवा महिना. लग्नाला सहा वर्षं होऊनही मूल नाही, हे तिने मला मागच्या खेपेलाच सांगितलं होतं, कारण नसताना, जशी माणसं डोक्यातलं सांगून टाकतात तसं.

सरांनी तिला आधी समोरच्या बाकावर, आईंच्या शेजारी बसायला सांगितलं. मग रिसेप्शनच्या मधोमध खाली बसून बूट काढले. त्यांच्या उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि मला त्याचं वाईट वाटलं. ते उभे राहिले, मीटर बरोबर गणपतीच्या पोटासमोर धरला आणि टेक्निशियनला आवाज दिला. आत बटण दाबलं गेलं. मीटरवरचा आकडा असा चढला की मला वाटलं मी चुकीचा वाचला. सरांनी पुन्हा घ्यायला लावलं आणि पुन्हा. कुठलंही माप तीनदा घ्यायचं हा त्यांचा नियम होता. तिन्ही वेळा तेच.

डॉक्टर फोन ठेवून बाहेर आले होते. त्यांनी विचारलं, सर, थोडंफार इकडेतिकडे असणारच, तसं काही होत नाही ना? सरांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्याही अवस्थेत हात खिशाकडे गेला आणि डायरीत रेघ पडली.

मग देवाला हलवायचा प्रश्न आला, कारण मूर्तीमागची भिंत बघायची होती. आई म्हणाल्या, मूर्ती हलणार नाही, गुरुजींकडून रीतसर बसवलीय. शिवाय एवढे दिवस बाप्पा तिथे आहेत, त्यांना काही झालं का? डॉक्टर मध्ये पडले, टेक्निशियन मध्ये पडला. पेशंटांचे नातेवाईक टोकन हातात धरून ऐकत होते. मग सर आईंच्या समोर जाऊन उभे राहिले, मोज्यांवर.

"आई," ते म्हणाले, "गेल्या वर्षी मी ही अख्खी भिंत मोजली. एवढी जागा सोडली. देवापुढे बूट घालून कसं जायचं, म्हणून सोडली. चूक माझी आहे, टेक्निशियनची नाही. मला जे दिसलं नाही ते तुमच्या गणपतीने पकडून दिलंय. आता त्याला जरा बाजूला होऊ दे."

त्यांनी आयुष्यात असं कुणापुढे बोलल्याचं मला आठवत नाही. डॉक्टर खाली बघायला लागले. आई थोडा वेळ सरांकडे पाहत राहिल्या, मग शेजारी बसलेल्या मुलीकडे, तिच्या पोटाकडे. त्या उठल्या, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी गणपती उचलून काउंटरवर ठेवला.

मागे आरशाचे तुकडे होते. सरांनी नाणं वाजवलं. एवढा पोकळ आवाज मी सात वर्षांत ऐकला नाही. देव्हारा भिंतीवर ठोकलेला नव्हताच, भिंत कोरून आत कोनाडा केला होता. नऊ इंचांची भिंत तिथे जेमतेम चार इंच उरली होती. हॉस्पिटल नवं केलं तेव्हा पलीकडे स्टोअर रूम होती, म्हणून आईंनी कोनाडा करून घेतला. पुढे स्टोअर रूमची एक्स-रे रूम झाली आणि कोनाडा कुणाच्या लक्षात राहिला नाही. सरांनी तिथल्या तिथे एक्स-रे बंद करायला सांगितलं आणि डॉक्टरांनी पहिल्यांदाच वाद घातला नाही.

एवढ्या वेळात बाकावर बसलेल्या त्या मुलीला सगळं समजलं होतं. तिने सरांना विचारलं, "सर, माझ्या बाळाला काही होणार नाही ना?"

सर उभेच राहिले. मी त्यांना ओळखत होते. मोजल्याशिवाय हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणायची भीती वाटत होती. शेवटी म्हणाले, "मला संध्याकाळपर्यंत वेळ दे."

त्या दुपारी त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. स्टुलाची उंची मोजली, कोनाड्याचा खालचा काठ मोजला, तिला स्टुलावर बसवून, मशीन बंद ठेवून, तिचं पोट कुठल्या उंचीवर येतं ते भिंतीवर खडूने आखलं. मग तिला लांब पाठवलं आणि स्टुलावर पाणी भरलेला पेशंट बसवला. त्याच्याजवळ मीटर धरून वर, खाली, मागे, सगळीकडे तीन-तीनदा मोजलं. मोजून झाल्यावर मीटर गार पडू नये म्हणून की काय, त्याला टोपी घालून पेशंटच्या डोक्यावर ठेवलं. तेवढ्यात एक काका आत आले. रिसेप्शनच्या स्टुलावर लाल माकडटोपीवाला कॅन बघून ते क्षणभर थांबले, मग त्यांनी अदबीने विचारलं, मॅडम जेवायला गेल्यात काय? कुणी हसलं नाही. नंतर मी आणि टेक्निशियन पोट धरून हसलो, पण तेव्हा नाही.

मग सर बाकावर बसले आणि एक्स-रेचं रजिस्टर मागवलं. गेल्या पाच महिन्यांत रोज छातीचे किती एक्स-रे झाले, ते एकेक मोजलं. तिला समोर बसवून ती कुठल्या दिवशी आली नव्हती ते विचारलं. ती बोटांवर मोजत सांगत होती. नणंदेचं लग्न, चार दिवस. तिसऱ्या महिन्यात उलट्या, नऊ दिवस. सर लिहीत होते. उलट्या, वजा नऊ. आई मध्येच म्हणाल्या, दहा दिवस, दहाव्या दिवशी ही दुपारी परत गेली होती, मी बघितलंय. सरांनी खाडाखोड करून साडेनऊ केलं.

संध्याकाळी कागद तयार झाला. पोट कोनाड्याच्या काठाच्या बरंच खाली, अख्ख्या भिंतीच्या आड येत होतं. जे लागायचं ते वरच्या वर, पाठीला आणि खांद्यांना लागलं होतं आणि तेही त्यांच्या कोष्टकाप्रमाणे थोडंच. पोटाचा आकडा तर फारच बारीक निघाला. सरांनी तिच्यासाठी कागदाच्या एका कडेला वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ काढली. सगळ्यात वरच्या टोकावर बोट ठेवून म्हणाले, काळजीची जागा इथे सुरू होते. मग तळाशी पेनाने ठिपका दिला आणि म्हणाले, तू इथे आहेस.

तिने कागद हातात घेतला. रेघ पाहिली, ठिपका पाहिला, आकडे पाहिले. मग माझ्याकडे वळली. "ताई, म्हणजे काय?"

तिचे डोळे भरले होते आणि मला ते बघवेना. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "काही होत नाही गं."

बोलून गेल्यावर मी जीभ चावली. सरांचा हात खिशात गेला होता. डायरी अर्धी बाहेर आली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ती हुंदके देत हसत होती. डायरी पुन्हा आत गेली. मी सात वर्षं त्यांच्याबरोबर फिरले. वाक्य म्हटलं गेलं आणि रेघ पडली नाही असं तेवढं एकदाच झालं.

कोनाड्यात शिशाचा जाड पत्रा बसला. सरांनी अनवाणी उभं राहून तीनदा मोजलं तेव्हा आईंनी गणपती पुन्हा आत ठेवला. आता त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमच्या बाप्पाला मागून शिसं आहे, तुमच्याला नाही. सरांनी मात्र ते प्रकरण तिथे संपवलं नाही. त्यांनी आजवर मोजलेल्या सगळ्या हॉस्पिटलांना पत्रं पाठवली, की मी तुमच्या देवापाशी माप घेतलेलं नाही, पुन्हा येतोय. पुढचे तीन महिने आम्ही ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या हॉस्पिटलांमध्ये देवदर्शन करत हिंडलो. गणपती, दत्त, खंडोबा, एकवीरा, एका ठिकाणी भिंतीत बसवलेला क्रूस, शहाडला एका डॉक्टरीणबाईंकडे बुद्ध. सर प्रत्येकापुढे बूट काढायचे, हळू आवाजात क्षमस्व म्हणायचे आणि मीटर धरायचे. सगळीकडे हवेत असतं तेवढंच निघालं. काकूंनी त्यांना चार जोड नवे मोजे आणून दिले.

आणि हे सगळं चालू असताना रोज ऑफिसात आल्यावर ते मला विचारायचे, तिचा काही फोन? मी म्हणायचे, सर, तुमचाच कागद आहे, ठिपका तुम्हीच दिलाय. ते म्हणायचे, हो, आणि गेल्या वर्षीचा कागदही माझाच होता.

तिला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आम्हाला दोघांनाही आलं. शहाडला तिच्या सासरी दोन खोल्यांत पन्नास माणसं, घुगऱ्यांच्या बशा, पाळण्याभोवती बायकांची गर्दी. डोंबिवलीच्या आई खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देत होत्या. सर बूट काढून आत आले, पाळणा कुठल्या भिंतीला आहे ते पाहिलं, नाणं काढलं, टकटक केलं आणि तिच्या सासऱ्यांना विचारलं, "पलीकडे कोण?" सासरे म्हणाले, आमचंच स्वयंपाकघर आहे. सरांनी मान हलवली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ते तसेच आहेत.

मग सर पाळण्यापाशी गेले आणि त्यांनी चष्मा लावला. बायकांनी जागा करून दिली. त्यांनी बाळाच्या हातांतले मोजे काढले, पायांतले काढले आणि बोटं मोजायला लागले. एका हाताची, दुसऱ्या हाताची, मग पायांची. ओठ हलत होते. पूर्ण झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्या खेपेला बाळ रडायला लागलं, पाय झाडायला लागलं, पण सरांनी तो इवलासा पाय दोन बोटांत धरला आणि शेवटच्या करंगळीपर्यंत मोजलं.

"वीस," ते बाळाच्या आईला म्हणाले. "तिन्ही वेळा."

ती हसली आणि तिने वाकून त्यांना नमस्कार केला. सरांनी चष्मा काढून पुसला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

परत येताना रिक्षात त्यांनी डायरी माझ्याकडे दिली, उद्याची कामं लिहून घे म्हणाले. मी पान उघडलं. त्या दिवसाच्या पानावर वर लिहिलं होतं, शहाड, बोटं, वीस, वीस, वीस. त्याखाली एक उभी रेघ होती. मी आठवून पाहिलं. दिवसभर मी त्यांच्या शेजारीच होते आणि ते वाक्य कुणी म्हटलेलं मला काही आठवेना. मी विचारलं, सर, ही कुणाची?

"माझी," ते बाहेर बघत म्हणाले. "मनातल्या मनात म्हणालो. पण म्हणालो तर खूण केली पाहिजे."